तांदळावरची बुरशी आणि माणसाची आठवण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आमच्या लहानपणी घरात कोलेस्टेरॉल हा शब्द नव्हता. डालडा होता, गोडेतेल होतं, ईदच्या दिवशी रश्श्यावर बोटभर जाडीचा तवंग होता. पण त्या तवंगाला काही शास्त्रीय नाव असेल हे कुणाच्या मनातही येत नसे. माणूस उभ्या उभ्या गेला की 'हार्टफेल झालं' म्हणत. म्हातारा माणूस नातवाला मुलाच्या नावानं हाक मारू लागला, जेवून उठल्यावर पुन्हा जेवायला मागू लागला, की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसण्यावारी नेत. आता माझ्या वयाची चार माणसं एकत्र बसली की बोलणं लिपिड प्रोफाइलवर येतं. कविसंमेलनात जेवणं आटोपली की खिशाखिशांतून गोळ्यांच्या डब्या निघतात. त्यांतली एक गोळी बहुधा अशी असते, की तिच्या नावाचा शेवट 'स्टॅटिन' असा होतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करणारी ही गोळी.

या एकाच गोळीबद्दल दोन अगदी उलट गोष्टी कानावर येतात. कुणी सांगतं, ही घेतली की म्हातारपणी विस्मृती होत नाही. कुणी सांगतं, हीच गोळी आठवण खाऊन टाकते. दोघांकडेही 'परदेशातल्या संशोधना'चा हवाला असतो, आणि गंमत म्हणजे दोघांचाही हवाला खोटा नसतो. हे कसं झालं, त्याचा इतिहास मला सांगायचा आहे. मी डॉक्टर नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. कुणी कोणती गोळी घ्यावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण एखादी गोष्ट 'सिद्ध झाली' असं लोक कधी म्हणतात आणि ती खरोखर कधी सिद्ध होते, यातलं अंतर पाहायला डॉक्टर असावं लागत नाही.

कोलेस्टेरॉलचा पहिला पत्ता हृदयात लागला नाही, पित्ताच्या खड्यात लागला. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पित्तखड्यांतून एक पांढरा मेणचट पदार्थ वेगळा काढण्यात आला आणि १८१५ च्या सुमाराला मिशेल शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञानं त्याचं बारसं केलं. ग्रीक भाषेत 'खोले' म्हणजे पित्त आणि 'स्टेरिऑस' म्हणजे घट्ट. पुढे जवळजवळ शंभर वर्षं हा पदार्थ कुणाचा शत्रू नव्हता. मग १९१३ साली रशियात सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिचकोव या तरुण डॉक्टरानं सूर्यफुलाच्या तेलात कोलेस्टेरॉल कालवून सशांना खाऊ घातलं. सशांच्या रोहिण्यांच्या आतून चरबीचे थर चढले, माणसाच्या रोहिण्यांत चढतात तसेच. मात्र लोकांना हे पटायला वेळ लागला. ससा जन्माचा शाकाहारी, त्याला माणसाचं दुखणं कसं लागू करायचं, असा आक्षेप होता. १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावी ५,२०९ माणसांची वर्षानुवर्षं तपासणी सुरू झाली, तेव्हा कुठे रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचं नातं माणसातच दिसलं.

अडचण अशी, की कोलेस्टेरॉल फक्त ताटातून येत नाही. आपलं यकृत ते स्वतःच तयार करतं. ते कोणत्या पायऱ्यांनी तयार होतं हे उलगडल्याबद्दल कोनराड ब्लॉक आणि फिओडोर ल्युनेन यांना १९६४ सालचं नोबेल मिळालं. पायऱ्या कळल्या, पण मधली एखादी पायरी अडवणारा मिळत नव्हता. तो मिळाला तांदळावरच्या बुरशीत.

अकिरा एंडो यांचा जन्म १९३३ चा, उत्तर जपानातल्या अकिता प्रांतातल्या शेतकरी घरातला. त्या भागात रानात तऱ्हेतऱ्हेच्या अळंब्या उगवतात. एक अळंबी माश्यांना मारते, माणसाला मात्र काही करत नाही, याचा प्रयोग एंडोंनी शाळकरी वयातच केला होता. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगचं चरित्र वाचून हा मुलगा बुरशीच्या नादी लागला तो कायमचा. १९५७ साली ते सांक्यो या औषध कंपनीत लागले. तिथे पहिलं काम मिळालं ते फळांचा रस नितळ करणारं एन्झाइम बुरशीतून काढण्याचं. पुढे १९६६ ते १९६८ ही दोन वर्षं ते न्यूयॉर्कला होते. भातावर वाढलेल्या या माणसाला तिथली लठ्ठ माणसं, एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आणि त्यांना न्यायला येणाऱ्या रुग्णवाहिका पाहून नवल वाटलं. हृदयविकार तिथे घरोघर होता.

जपानला परतल्यावर एंडोंनी एक तर्क लढवला. बुरशी आणि जिवाणू यांचं आपसात वैर असतं. दुसऱ्याला जगायला लागणारे पदार्थ तयारच होऊ न देणारं काही अस्त्र एखाद्या बुरशीनं नक्की बनवलं असेल. ते अस्त्र यकृतातली कोलेस्टेरॉलची पायरीही अडवू शकेल. १९७१ साली शोध सुरू झाला. सुमारे ६,००० बुरश्या आणि तत्सम सूक्ष्मजीव एकामागून एक तपासले. एक द्रव्य सापडलं, पण ते मूत्रपिंडाला घातक निघालं. शेवटी १९७३ साली क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळाच्या नमुन्यावरची निळसर-हिरवी बुरशी, पेनिसिलियम सिट्रिनम, हिच्यातून हवं ते मिळालं. पावसाळ्यात भाकरीवर, लोणच्याच्या बरणीत अशीच निळी-हिरवी बुरशी धरते आणि आपण नाक मुरडून फेकून देतो.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. नवं औषध आधी उंदरांना देऊन पाहायचं, ही रीत. उंदरांचं कोलेस्टेरॉल ढिम्म हललं नाही. कंपनीत सगळ्यांनी मान फिरवली. मग एंडोंनी एका सहकाऱ्याकडून अंडी देणाऱ्या कोंबड्या मिळवल्या. तर्क साधा होता. अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणजे कोंबडीचं शरीर ते धडाक्यानं तयार करत असणार. १९७६ साली कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं. १९७८ साली ओसाकाला अकिरा यामामोतो यांनी हे द्रव्य प्रथम अशा रुग्णांना दिलं, ज्यांचं कोलेस्टेरॉल जन्मतःच भयंकर वाढलेलं होतं. त्याच वर्षाअखेर एंडो कंपनी सोडून विद्यापीठात गेले. १९८० साली, प्रचंड मात्रा दिलेल्या कुत्र्यांमध्ये गाठी दिसल्याच्या संशयावरून सांक्योनं काम थांबवलं. अमेरिकेतल्या मर्क कंपनीनं दुसऱ्या बुरशीतून काढलेलं लोव्हास्टॅटिन तयार होतं, पण ती कुजबुज ऐकून तिनंही हात आखडता घेतला. पुन्हा तपासण्या झाल्या आणि १९८७ साली लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. १९९४ साली उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत दुसऱ्या स्टॅटिननं, सिम्व्हास्टॅटिननं, मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं, तेव्हा उरलीसुरली शंका मिटली. एंडोंना या औषधातून संपत्ती मिळाली नाही. नोबेलही नाही.

आता आठवणीकडे येतो. उर्दूत स्मरणशक्तीला 'हाफिजा' म्हणतात. हिफाजत हा शब्द मराठी कानालाही ओळखीचा आहे. तो त्याच धातूतला. सगळं कुराण मुखोद्गत असलेल्या माणसाला 'हाफिज' म्हणतात, तेही त्यातूनच. म्हणजे आठवणारा माणूस हा मूळ अर्थानं राखणदार. अशा एखाद्या राखणदाराला उतारवयात स्वतःच्या मुलीचं नाव आठवेनासं होतं, तेव्हा त्या घरात काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या विषयाची निकड सांगावी लागत नाही.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई आणली गेली. तिला स्वतःचं नावही पुरतं लिहिता येईना. मी मलाच हरवून बसले आहे, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणत असे. १९०६ साली ती वारली. आलोइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत साचलेली पुटं आणि गुंतागुंतीचे तंतू पाहिले, आणि त्या रोगाला पुढे त्यांचं नाव मिळालं. पण हा तरुणपणी होणारा दुर्मीळ रोग आहे अशीच समजूत राहिली. म्हाताऱ्या माणसाची विस्मृती म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या, हे ठरीव उत्तर विसाव्या शतकात बराच काळ चाललं. मग वारं फिरलं. म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशातही अल्झायमरनं पाहिलेलीच पुटं आहेत असं दिसलं आणि रक्तवाहिन्या मागच्या बाकावर गेल्या.

त्यांना पुन्हा पुढे आणलं कोलेस्टेरॉलनं. १९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं, की ज्यांच्यात एका विशिष्ट जनुकाचा 'ई४' हा प्रकार असतो, त्यांना अल्झायमर होण्याचा धोका जास्त. आणि या जनुकाचं काम काय? कोलेस्टेरॉल वाहून नेणारं प्रथिन बनवणं! वर्षभरात दुसऱ्या एका अमेरिकी गटानं कोलेस्टेरॉल खाऊ घातलेल्या सशांचे मेंदू पाहिले. अल्झायमरच्या पुटांत असतं त्याच प्रथिनाचा साठा तिथे होता. अनिचकोवच्या सशांना ऐंशी वर्षांनी असा दुसरा जन्म मिळाला. त्यात मेंदूचं एक वेगळेपण लक्षात घ्यावं लागतं. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेल्या मेंदूत शरीरातलं २० ते २५ टक्के कोलेस्टेरॉल असतं, आणि ते तो बहुतेक स्वतःच बनवतो. रक्तातलं तिथे सहसा पोचत नाही. म्हणजे कोलेस्टेरॉल मेंदूला घातक असू शकतं आणि हवंही असतं. आशा आणि भीती या दोघींचंही माहेर इथेच आहे.

आशा आधी आली. २००० साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एक अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरचा, दुसरा ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नोंदींवरचा. ब्रिटनच्या अभ्यासात स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी दिसला. सत्तर टक्के! जगात त्या वेळी या रोगावर धड औषध नव्हतं, आणि इथे कोट्यवधी लोक आधीच घेत असलेली गोळी तो टाळते असं दिसत होतं. वर्तमानपत्रं त्या बातमीवर तुटून पडली यात नवल नाही.

पण नोंदवहीत दिसणारी गोष्ट आणि घडलेली गोष्ट एकच असते का? गोळी कुणाला मिळते ते पाहा. जो माणूस आपणहून दवाखान्यात जातो, रिपोर्टची फाइल सांभाळतो, डॉक्टरांनी काय सांगितलं ते लक्षात ठेवतो, रोज रात्री न चुकता डबी उघडतो, त्याला. ज्याची आठवण घसरू लागली आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टर दहा-वीस वर्षांनंतरचा विचार करणारी नवी गोळी सुरू करायला राजी नसतात. सुरू असली तर तो स्वतःच विसरतो. मग गोळीमुळे आठवण टिकली, की आठवण टिकली म्हणून गोळी चालू राहिली? नुसत्या नोंदी चाळून याचं उत्तर मिळत नाही.

त्याला उपाय एकच, चिठ्ठ्या टाकणं. हजारो माणसं घ्यायची, चिठ्ठी टाकून निम्म्यांना खरी गोळी द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी नकली. कुणाला काय मिळालं हे त्यांना माहीत नाही, त्यांच्या डॉक्टरांनाही नाही. ब्रिटनमध्ये अशी एक चाचणी २०,५३६ लोकांवर सुमारे पाच वर्षं चालली. २००२ साली निकाल आला. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे सुमारे पावपट कमी झाले. शेवटी फोन करून प्रत्येकाच्या स्मरणशक्तीची चाचपणी केली होती. स्मृतिभ्रंश झालेले लोक खरी गोळी घेणाऱ्यांत ३१ आणि नकली घेणाऱ्यांत ३१. त्याच वर्षी स्कॉटलंड, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या ७० ते ८२ वर्षांच्या ५,८०४ लोकांवरच्या चाचणीचा निकाल आला. दोन्ही गटांची आठवण सारख्याच वेगानं उतरली होती. ७० टक्क्यांची बातमी पहिल्या पानावर होती. ३१ आणि ३१ ही बातमी कुठे छापली गेली असेल ते तुम्हीच ओळखा.

अशी फसगत फक्त याच औषधाची झाली असं नाही. पाळी गेलेल्या बायकांना देण्यात येणाऱ्या संप्रेरकांमुळे स्मृतिभ्रंश टळतो, असं नोंदींवरच्या अभ्यासांतून वाटत होतं. २००३ साली अमेरिकेतल्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत ६५ वर्षांपुढच्या बायकांमध्ये धोका उलट दुप्पट निघाला.

मग भीतीची पाळी आली. अमेरिकेत अवकाशवीर म्हणून निवडले गेलेले डॉक्टर ड्युएन ग्रेव्हलाइन यांना १९९९ साली ॲटोर्व्हास्टॅटिन सुरू केल्यानंतर काही तास कशाचीच आठवण राहिली नाही. दोष त्यांनी गोळीवर ठेवला आणि तिला स्मृतिचोर ठरवणारं पुस्तक लिहिलं. लोकांनीही आपापले अनुभव कळवले. २८ फेब्रुवारी २०१२ रोजी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी स्टॅटिनच्या वेष्टनावर विसराळूपणा आणि गोंधळल्यासारखं होणं यांची सूचना घालायला लावली. त्याच कागदात हेही होतं, की हे सहसा गंभीर नसतं, गोळी बंद केल्यावर बरं होतं, आणि वाढत जाणाऱ्या स्मृतिभ्रंशाशी त्याचा संबंध दिसत नाही. पहिली ओळ आपल्याकडे मोबाइलवरून फिरत आली. बाकीच्या ओळी मागेच राहिल्या.

माझे एक कवीमित्र आहेत, निवृत्त शिक्षक. हृदयात स्टेंट घातलेला. मंचावर स्वतःची कविता म्हणताना दुसरं कडवं आठवेना, तेव्हा त्यांनी कुणालाही न सांगता ही गोळी बंद केली. सात-आठ महिन्यांनी त्यांच्या बायकोला औषधाच्या दुकानातल्या हिशेबावरून ते कळलं. 'हृदय गेलं तर एकदाच जाईन, आठवण गेली तर रोज जाईन,' असं ते मला म्हणाले. कवी म्हणून मला त्यांचं दुःख पुरेपूर समजतं. पण कडवं आठवत नाही याला वय, अपुरी झोप, ऐकू कमी येणं, थायरॉईड, ब-१२ जीवनसत्त्व अशी डझनभर कारणं असू शकतात, आणि त्यांनी यांतलं एकही तपासून घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि बाकीच्या तपासण्याही केल्या.

भीती स्वतःच दुखणं कसं निर्माण करते, याचा एक नमुना २०२० साली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजनं दाखवला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने नकली, काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्याचा ९० टक्के भाग नकली गोळीच्या महिन्यांतही होता. हे मुख्यतः अंगदुखीसारख्या तक्रारींचं, आठवणीचं नव्हे. पण मला ते बोलकं वाटतं. त्या लोकांना त्रास खरोखर होत होता. त्याचं खापर मात्र चुकीच्या माथ्यावर फुटलं होतं. आठवणीपुरतं पाहिलं तर सिडनीला ७० ते ९० वयाच्या हजारावर लोकांना सहा वर्षं तपासलं गेलं, निकाल २०१९ साली आला. २०२१ साली ६५ वर्षांपुढच्या १८,८४६ लोकांचा अभ्यास आला. दोन्हींत गोळी घेणाऱ्यांची आठवण न घेणाऱ्यांपेक्षा लवकर गेली नाही. अर्थात हेही नोंदींसारखेच अभ्यास, चिठ्ठ्यांचे नव्हेत. पण चिठ्ठ्यांच्या चाचण्या आणि हे, दोघांचं बोट एकाच दिशेला आहे.

मग कोलेस्टेरॉल आणि आठवण यांचा काही संबंधच नाही? तसंही नाही. फिनलंडमध्ये १,४४९ लोकांचा सरासरी २१ वर्षं माग ठेवला गेला. ऐन चाळिशी-पन्नाशीत ज्यांचं कोलेस्टेरॉल साधारण २५० च्या वर होतं, त्यांना म्हातारपणी अल्झायमर होण्याचा धोका जास्त दिसला. हे २००१ सालचं. उलट होनोलुलूच्या जपानी वंशाच्या पुरुषांच्या अभ्यासात दिसलं, की स्मृतिभ्रंश होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासूनच कोलेस्टेरॉल आपोआप उतरू लागतं. म्हणजे सत्तरीत मोजलेला आकडा आणि पन्नाशीत मोजलेला आकडा वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. मग सत्तरीत सुरू करून तीन-पाच वर्षांत संपलेल्या चाचण्यांनी पन्नाशीच्या प्रश्नाचं उत्तर कसं द्यावं? त्यांनी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं. आपणच ते दुसऱ्या प्रश्नाला जोडत राहिलो.

अकिरा एंडो ५ जून २०२४ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी वारले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगाचा स्मृतिभ्रंशावरचा अहवाल आला. टाळता किंवा लांबवता येण्याजोगी १४ कारणं त्यात दिली आहेत, आणि सगळी हाताळता आली तर जगातले ४५ टक्क्यांच्या आसपास स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील असा अंदाज आहे. मध्यम वयातलं वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल त्या यादीत प्रथमच आलं. त्याचा वाटा ७ टक्के, ऐकू कमी येण्याइतकाच. हा अंदाज कोलेस्टेरॉलबद्दलचा आहे, गोळीनं ते सात टक्के टळतात असं त्यातून सिद्ध होत नाही. हा फरक मी मुद्दाम सांगतो, कारण २००० साली नेमका तोच निसटला होता.

गोळीचा प्रश्न सरळ विचारण्यासाठी ऑस्ट्रेलियात 'स्टारी' आणि अमेरिकेत 'प्रिव्हेंटेबल' अशा दोन मोठ्या चाचण्या उभ्या राहिल्या. पहिलीत ७० च्या पुढचे, दुसरीत ७५ च्या पुढचे लोक. दोन्हींत रोज ४० मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा तशीच दिसणारी नकली गोळी. मोजायचं काय, तर माणूस स्मृतिभ्रंशाशिवाय, स्वतःच्या पायांवर किती काळ जगला. २००२ च्या चाचणीत अखेरीला फोनवर विचारलेला प्रश्न इथे पहिल्या ओळीत लिहिलेला आहे.